डोळे उघडून मिळतील

१

आमच्या दुकानाच्या काचेवर मामाने स्वतःच्या हाताने रंगवलेली ओळ आहे : ‘मिटलेले डोळे उघडून मिळतील.’ नवा माणूस ती वाचून दचकतो. त्यात दचकण्यासारखं काही नाही. फोटो काढताना नेमकी पापणी पडते आणि नेमका तोच फोटो बाकी सगळा झकास आलेला असतो. मग त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतले डोळे कापून इथे बसवायचे. पाच मिनिटांचं काम.

मी अनुजा. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून केरबामामाच्या या फ्लेक्सच्या दुकानात. कोल्हापुरात फ्लेक्सचा धंदा कधी बसत नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या बैलाने शर्यत मारली, कुणाची कुठल्या तरी कमिटीवर निवड झाली, कुणी वारलं. चौकात फ्लेक्स हवाच. मी मुरमं पुसते, पिकलेले केस काळे करते, जन्मात कोट न घातलेल्यांना कोट घालते. जसा आहे तसा फोटो अजून एकाही गिऱ्हाइकाने मागितलेला नाही. मला माझ्या हाताचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

बुधवारी दुपारी पृथ्वीराज सर दुकानात आले. पांढराशुभ्र ट्रॅकसूट, कपाळाला गंध, आणि पेठेतल्या बायका ज्यांचं कौतुक करून थकत नाहीत ते घारे डोळे. सरांची पोलीस भरतीची अकॅडमी आहे. रोज पहाटे शंभरेक पोरंपोरी त्यांच्या शिट्टीवर पळतात. आत आल्याबरोबर ते मामाच्या पाया पडले. ते सगळ्यांच्याच पडतात.

“अनुजा बाळ, रविवारी स्नेहलला जाऊन वर्ष होतंय,” सर म्हणाले. “चौकात मोठा फ्लेक्स लावायचा. गेल्या वर्षीचाच फोटो घे. त्यात काय बदल करू नकोस. आणि खाली शोकाकुलांच्या रांगेत माझा हात जोडलेला फोटो हाय न्हवं, तो जरा ठळक घे.”

“व्हय सर.”

“आणि साक्षीला सोमवारपासनं मुक्कामालाच धाडा म्हणून सांगितलंय तुझ्या पप्पांना. पोरीत दम हाय.”

साक्षी माझी धाकटी बहीण, सोळा वर्षांची. तिला पोलीस व्हायचंय. पप्पांना सरांपुढे देवही फिका वाटतो, त्यामुळे तिची बॅग भरून झालीच होती.

२

स्नेहल माझी मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर. आमचे डोळे इतके सारखे की बाई आम्हाला बहिणी समजायच्या. गेल्या वर्षी ती सरांच्या ग्राउंडला जायला लागली आणि मला विसरली. निदान मला तसं वाटलं. मी भांडले, तोंडाला येईल ते बोलले आणि रागाच्या भरात मोबाईलमधले तिचे सगळे फोटो पुसून टाकले. तीन आठवड्यांनी दुपारी पंचगंगेच्या घाटाजवळ ती सापडली. घाटावर पाय घसरला असं ठरलं. सर त्या दिवशी पहाटेपासून एक तुकडी घेऊन पन्हाळ्याला गेले होते; ते परत आले ते थेट स्मशानात, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच रडले.

तिचा मोबाईल पाण्यात गेला. शालनमावशीकडे, म्हणजे तिच्या आईकडे, बटणांचा फोन. माझे फोटो मीच पुसलेले. तेव्हा सरांनी त्यांच्या मोबाईलमधला एक फोटो दिला होता. चेहरा आणि खांद्यांपर्यंतचा, डोळे मिटलेले. “पापणी पडलीय बघ तिची,” ते म्हणाले होते. “डोळे उघडून दे. मागचं काढून निळं आभाळ टाक. आणि वर्दी घाल तिला. स्वप्न होतं पोरीचं.”

मी रडत रडत सगळं केलं. वर्दी दुसऱ्या फोटोतून उचलली. डोळे मात्र तिचे नव्हते माझ्याकडे, म्हणून माझेच बसवले. सगळे थर एकात मिसळून फाईल सेव्ह केली, मूळ फोटो त्याच्याखाली गेला तो गेलाच. त्या फ्लेक्सपुढे उभी राहून अख्खी पेठ रडली होती.

बुधवारी संध्याकाळी मी ती फाईल उघडली. निळं आभाळ होतं, वर्दी होती. स्नेहलचे डोळे मिटलेले होते.

३

माझी चूक असणार, असं मी धरून चालले. जुनी प्रत उघडली असेल. पण प्रत एकच होती. मी माझे डोळे पुन्हा कापले, पुन्हा बसवले, कडा मऊ केल्या, सेव्ह केलं आणि समोरच्या गाड्यावर चहाला गेले. परत आले तर डोळे मिटलेले.

मग मी फाईलला शिव्या दिल्या, संगणकाला दिल्या, बंद करून परत चालू केला. दुकानात मशिनचा पंखा घुमत होता आणि शाईचा उग्र वास भरला होता. तिसऱ्यांदा डोळे बसवले आणि या वेळी हललेच नाही. पडद्याकडे बघत बसले. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी माझीच पापणी पडली. उघडली तेव्हा तिची मिटलेली होती.

गुरुवारी फाईल उघडली तेव्हा वर्दी गेली होती. तिच्या गळ्याशी पिवळ्या कापडाची पट्टी होती, तिला हिरवी नक्षी. ती गेल्या वर्षी मी झाकली होती हे मला तेव्हा आठवलं. मी मामाला हाक मारली.

मामा जुना माणूस. संगणक यायच्या आधी तो ब्रशने फोटो सुधारायचा. पडद्यापाशी वाकला आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला.

“फोटो दिला कुणी ह्यो?”

“सरांनी. पापणी पडलेली, म्हणून मी…”

“पापणी पडलेली न्हाय ही.” मामा खुर्चीवर बसला. “आमच्या उमेदीत ज्याचा जन्मात फोटू न्हाय असा माणूस मेला की घरची मानसं बोलवायची. कॅमेरा घिऊन जायाचं, टेकू दिऊन बसवायचं, फोटू काढायचा. मग हितं आणून ब्रशनं डोळं उघडायचं. शेकड्यानं उघडल्यात मी. काचेवरची ती ओळ तवाची हाय, पोरी. झोपलेल्या माणसाची पापणी गच्च बसती. आणि मेलेल्याची अशी ऱ्हाती.”

त्याने बोट दाखवलं. स्नेहलच्या दोन्ही पापण्यांखाली नखाएवढी फट होती.

मी त्या फटीवर माझे डोळे चिकटवले होते आणि कसब दाखवल्याबद्दल सरांकडून शाबासकी घेतली होती.

४

शुक्रवारी आभाळही गेलं. तिच्या डोक्यामागे हिरवी रबरी मॅट होती, जिमखान्यात असते तशी. एका कोपऱ्याला निळ्या चिकटपट्टीचं ठिगळ.

मी मोबाईलने पडद्याचा फोटो काढला. मोबाईलमध्ये आलं ते निळं आभाळ, वर्दी आणि माझे उघडे डोळे. पाच वेळा काढला. पाचही वेळा तेच.

“चौकीत जाऊया मामा,” मी म्हणाले.

“काय दावणार? तितं वर्दीतलीच पोरगी दिसली तर? तितली निम्मी पोरं त्येच्याच शिट्टीवर पळून भरती झाल्यात. तुला येडी ठरवतील आणि मेलेल्या पोरीची बदनामी हुईल ती येगळीच.”

संध्याकाळी मी शालनमावशीकडे गेले. फ्लेक्सवरची नावं तपासायचं निमित्त. मावशी शिवणकाम करते. मशिनशेजारी चिंध्यांची पिशवी होती आणि तिच्या तोंडाशीच पिवळं कापड, हिरव्या नक्षीचं. मी नुसता हात लावला.

“तिचाच ड्रेस त्यो,” मावशी म्हणाली. “आदल्या रातीला पुरा केलता. सकाळी घालून आरशात बघितलं आणि देवळात जाऊन येतो म्हणून गेली. मी सोडून कुणी बघितला बी न्हाई गं तिच्या अंगावर. मग पाण्यातनं काढली तवाच.”

मी मावशीचा हात हातात घेतला आणि तशीच उठले. घरी साक्षी बॅगेची चेन लावत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अकॅडमीत हिरवी मॅट आहे का, निळं ठिगळ असलेली?

“हाय की. सरांच्या आतल्या खोलीत. उंची मोजाय तितंच न्हेत्यात, एकेकीला. माझी सोमवारी मोजणार हाईत.” तिने वर बघितलं. “तुला कसं म्हाईत?”

त्या क्षणी मला सरांचा जीव घ्यावासा वाटला. अगदी शब्दशः. मी साक्षीला जाऊ नको म्हटलं, ती भांडली. पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, स्नेहल गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही. सोमवार तीन दिवसांवर होता.

५

शनिवारी दुपारी सर डिझाईन बघायला आले. मी नको नको म्हणत असताना ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर मॅट होती, पिवळा गळा होता, पापण्यांखालची फट होती. मला वाटलं, आता याला कळणार की मला कळलंय.

“असंच पायजे,” सर म्हणाले.

मी पडद्याकडे बघितलं. निळं आभाळ. वर्दी. स्नेहल माझ्या डोळ्यांनी सरांकडे बघत होती.

“बघ की कशी बघालीय,” ते हसले. मग त्यांनी पुढे वाकून अंगठा पडद्यावर ठेवला, तिच्या गालावर, आणि हळूच खाली गळ्यापर्यंत ओढला. हे करताना त्यांचा चेहरा पडद्याच्या काचेत दिसत होता. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आवडीची वस्तू कपाटातून काढून पुसावी, तसं ते समाधान होतं. तेव्हा मला समजलं की तेव्हा मला तोच फोटो का दिला, आणि वर्षभराने पुन्हा तोच का हवा. अख्ख्या पेठेने त्याच्या वस्तूला हार घालावा, हीच त्याची हौस.

“दोरी लावून गुंडाळून ठेवा,” ते मामाला म्हणाले. “सकाळी नऊला मीच उघडणार. पयला हार बी माझा.”

ते बाहेर पडले आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं तेव्हा डोळे मिटलेले होते. माझी भीती कुठे गेली कोण जाणे. मी हळू आवाजात तिला म्हणाले, “स्नेहल, तू त्याला फसवलंस.” मग मला रडू फुटलं आणि त्यात थोडं हसूही होतं.

६

मशिन सुरू केलं. फ्लेक्स वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उतरतो. खर्र, टक्. खर्र, टक्. केस आले, मग कपाळ. कपाळामागचा रंग हिरवट आहे की निळसर, हे ओल्या शाईत कळेना. भुवया आल्या आणि लाईट गेली.

दुकानात एकदम शांत झालं. मशिनच्या तोंडातून स्नेहलचं कपाळ तेवढं बाहेर लोंबत होतं. लाईट जाते, कोल्हापुरात रोज जाते, असं मी स्वतःला समजावलं. मग आवाज आला. खर्र, टक्. मशिनचा दिवा बंद होता.

“बाहीर जा तू,” मामा म्हणाला.

“मामा, लाईट…”

“जा म्हन्तो न्हवं! म्या आयुष्यभर मेलेल्यांचंच काम केलंय. कुनाला दावायचं, कुनाला न्हाई, त्ये तिचं तिला ठरवू दे.”

मी चहाच्या गाड्यावर उभी राहिले. आतून आवाज येत राहिला, सावकाश, एका लयीत. अर्ध्या तासाने मामाने गुंडाळलेला फ्लेक्स खांद्यावर घेऊन बाहेर आणला, दोरीने करकचून बांधलेला. त्याच्या कपाळावर घाम होता. काय छापलं गेलंय ते मी विचारलं. त्याने बघितलंच नव्हतं. डोळे मिटून गुंडाळला, म्हणाला.

७

रविवारी नऊला चौक भरला. खुर्च्या, सतरंज्या, समई, स्पीकर. शालनमावशी पुढच्या रांगेत. साक्षी माझ्या शेजारी, अकॅडमीच्या टीशर्टात. मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

सर बोलले. स्नेहल माझी लेक होती, म्हणाले. आवाज नेमका हवा तिथे फुटला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग त्यांनी दोरी ओढली आणि फ्लेक्स फडफडत खाली उलगडला.

निळं आभाळ. वर्दी. उघडे डोळे. खाली शोकाकुलांच्या रांगेत हात जोडलेले सर.

मला वाटलं संपलं, उद्या साक्षी जाणार. सर हार घेऊन स्टुलावर चढले. आणि माझ्या पापण्या पडल्या.

मी उघडायचा प्रयत्न केला. उघडेनात. बोटांनी ओढल्या तरी उघडेनात. मला फक्त ऐकू येत होतं. फ्लेक्सची फडफड, समईजवळ कुणाचा तरी खोकला, हाराची पानं घासल्याचा आवाज. आणि एकदाच, डोळे मिटलेले असताना, मला दिसलं. उंचावरून. अगदी हातभर अंतरावर सरांचा चेहरा होता, वर वळलेला, तोंड उघडं. त्यांच्या मागे सगळी पेठ होती आणि त्या गर्दीत डोळे मिटून उभी असलेली मी. मला झेंडूचा वास आला. पापणीखालच्या फटीतून दिसावं तेवढंच ते दिसलं, आणि गेलं.

मग चौक गप्प झाला. स्टूल कलंडल्याचा आवाज आला, कुणीतरी धपकन पडलं. त्या शांततेत शालनमावशीचा आवाज मी ऐकला. ती ओरडली नाही. कापडाचा भाव विचारावा तशी बोलली.

“सर. ह्यो पिवळा ड्रेस त्या दिवशी पयल्यांदाच घातलाता तिनं. तुमी तर पन्हाळ्याला हुता की ओ.”

मावशी उठून पुढे गेल्याचा आवाज आला.

“आणि माझी पोरगी कोरडी दिसालीय ह्यात. पान्यात पडायच्या आदी कुनी काढला फोटू?”

“दीदी,” साक्षी म्हणाली, “ती मॅट…”

त्यानंतर खुर्च्या सरकल्या. एक, दोन, मग सगळ्याच. बायका उठल्या होत्या. माझ्या कानांनी पुढचं सगळं ऐकलं, चपलांचे आवाज, ट्रॅकसूट फाटल्याचा आवाज, आणि सरांचं ते “आक्का, ऐका की, मावशी, ऐका की”. मी ते मन लावून ऐकलं. एकही आवाज सुटू दिला नाही. मला वाईट वाटलं नाही, अजून वाटत नाही. पापण्या उघडल्या तेव्हा सरांच्याच हातून घडलेली वर्दीतली दोन पोरं त्यांना धरून गाडीत घालत होती, आणि मावशीच्या मुठीत त्यांची कॉलर राहिली होती.

८

सोमवारी मी दुकान उघडलं. साक्षी सोबत आली होती. तिला एकटीला घरी बसवत नव्हतं. सरांना रात्रभर चौकीत बसवून ठेवलंय आणि ते काहीच बोलत नाहीत, नुसते भिंतीकडे बघत बसलेत, असं मामा कुठून तरी ऐकून आला होता.

फाईल उघडली. स्नेहल होती तशीच, पिवळ्या ड्रेसमध्ये. तिच्या पापण्या आता गच्च मिटलेल्या होत्या. फट नव्हती. झोपली होती पोरगी. मी पडद्याला हात लावला आणि तिची माफी मागितली, डोळ्यांबद्दल, भांडणाबद्दल, पुसलेल्या फोटोंबद्दल.

मग खालच्या रांगेकडे नजर गेली. हात जोडलेले सर. तो फोटो मीच ठळक केला होता, घारे डोळे उठून दिसावेत म्हणून.

त्यांचे डोळे मिटलेले होते. मी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. पापण्यांखाली नखाएवढी फट होती.

माणूस जिवंत होता. पेठेपलीकडच्या चौकीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. माझ्याकडे सरांचे उघड्या डोळ्यांचे ढीगभर फोटो होते, सत्काराचे, वाढदिवसाचे, झेंडावंदनाचे. कापायचे, बसवायचे, कडा मऊ करायच्या. पाच मिनिटांचं काम. मी माउसवर हात ठेवून थोडा वेळ बसले.

मग फाईल सेव्ह केली, जशी होती तशी, आणि संगणक बंद केला.

साक्षीने समोरून चहा आणि कडक बटर आणलं होतं. आम्ही तिघं काउंटरवरच खायला बसलो. चहा अर्धा झाला असेल नसेल, तेवढ्यात मामाचा फोन वाजला. त्याने घेतला, ऐकलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“कवा?” मामाने फोनमध्ये विचारलं.

मी बटर चहात बुडवलं.